दोन नोकऱ्या, एक घर: उपनगर निवडताना काय पाहायचं

पहिलं उपनगर आम्ही एका रविवारी दुपारी निवडलं. रस्ते मोकळे होते, झाडी भरपूर होती, घरात छान उजेड येत होता. एजंट म्हणाला, "शहर काय, अर्ध्या तासावर." तो अर्धा तास खरा किती मोठा आहे हे सोमवारी सकाळी कळलं. मला ४५ मिनिटं लागली, नवऱ्याला ८०. तरी सव्वादोन वर्षं काढली, कारण चूक झाली हे एकमेकांसमोर कबूल करायला तेवढा वेळ गेला. मग पुन्हा सामान बांधलं.

दुसऱ्या वेळी घर सगळ्यात शेवटी पाहिलं. त्याआधी काय काय केलं, ते खाली क्रमाने लिहिते आहे. दोघंही नोकरी करणारे, दोघांची ऑफिसं वेगवेगळ्या ठिकाणी, आणि शहराबाहेर राहायला जायचा विचार, अशा जोडप्यांसाठी हे आहे. मुलांच्या शाळेचा विषय मुद्दामच घेतलेला नाही. तो आला की बाकीचे निकष बाजूला सरतात, आणि त्यावर सांगणारे पुष्कळ भेटतात.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- दोघांच्या ऑफिसच्या कॅलेंडरच्या मागच्या चार आठवड्यांच्या नोंदी
- नेमणूकपत्रं, आणि घरून काम करण्याबद्दल कंपनीने लेखी दिलेलं जे काही असेल ते
- "अमुक वाजता पोहोचायचं आहे" असं सांगता येणारं नकाशाचं अ‍ॅप
- एक स्प्रेडशीट किंवा साधी वही
- फोनवर आवाज मोजणारं अ‍ॅप
- दोन पेनं (हे का, ते आठव्या पायरीत)

१. दोघांचा आठवडा कागदावर मांडा

दोघांनी वेगवेगळं बसून मागचे चार आठवडे लिहायचे. किती दिवस ऑफिसला गेलो, किती वाजता पोहोचलो, किती वाजता निघालो, ठरल्यापेक्षा उशीर किती वेळा झाला. आठवणीतून लिहू नका, नोंदी बघून लिहा. "मी सहाला निघते" असं मी छातीठोकपणे सांगत होते. चार आठवड्यांत सहाला निघाले होते तीनदा.

घरून काम करण्याच्या सवलतीकडे नीट बघा. आठवड्यातून दोनच दिवस यायचं, हे कुठे लिहिलेलं आहे का? साहेबांनी तोंडी दिलेली सवलत साहेबांची बदली झाली की त्यांच्याबरोबर जाते. लेखी नसेल तर हिशोब पाचही दिवसांचा धरा. त्या हिशोबात जे गाव टिकेल, ते दोन दिवसांच्या हिशोबात आपोआप टिकेल.

आणखी एक रकाना करा: घरी आधी कोण पोहोचतं? वरवर साधा प्रश्न आहे. पण जो आधी पोहोचतो त्याच्या गळ्यात हळूहळू सगळी घरकामं पडतात, आणि जो उशिरा येतो त्याला आपण पाहुण्यासारखे राहतो असं वाटायला लागतं. ब्रिटनमधल्या कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेल्या २०११ सालच्या एका अभ्यासात दिसलं की, ऑफिसच्या प्रवासाचा मानसिक त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो. त्याचं कारण संशोधकांनी घरच्या जबाबदाऱ्यांच्या वाटणीत शोधलं होतं. तेव्हा प्रवासाबरोबर घरकामाची वाटणीही याच कागदावर बोलून घ्या. नंतर ती भांडणातच निघते.

२. नकाशावर वर्तुळ काढू नका

बहुतेक जण ऑफिसवर कंपासची टोकदार बाजू टेकवतात आणि वीस किलोमीटरचं वर्तुळ काढतात. त्या वर्तुळाचा काही उपयोग नाही. प्रवास किलोमीटरमध्ये होत नाही, मिनिटांत होतो. रेल्वेमार्गावरचं तीस किलोमीटरवरचं गाव कधी जवळ पडतं, आणि नदीपलीकडचं आठ किलोमीटरवरचं गाव लांब.

त्याऐवजी प्रत्येक ऑफिसपासून ४० मिनिटांत, ६० मिनिटांत कुठवर पोहोचता येतं, त्या जागा जोडून रेषा काढा. ही युक्ती जुनी आहे. १८८१ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोहोचता येतं, त्याचा असा रंगीत नकाशा केला होता. आपल्याला दिवसांच्या जागी मिनिटं टाकायची आहेत, एवढंच. हा आकार गोल येत नाही. रेल्वे आणि मोठे रस्ते जिकडे जातात तिकडे त्याचे पाय लांबतात, मधल्या जागा कोऱ्या राहतात. दोन ऑफिसांचे दोन आकार एकावर एक ठेवले की जो भाग दोन्हीकडे येतो, तेवढ्यातच तुमचं गाव आहे.

आता खरी गोम. समजा दोन गावं उरली. पहिल्यात तुमचा प्रवास २० मिनिटांचा, जोडीदाराचा ८०. दुसऱ्यात ५० आणि ५५. बेरीज केली तर पहिलं गाव जिंकतं, १०० विरुद्ध १०५. आम्ही पहिल्यांदा अशीच बेरीज केली होती. पण ८० मिनिटांचा प्रवास करणारा माणूस घरी येतो तेव्हा त्याच्यात बोलायची ताकद नसते, आणि २० मिनिटांत आलेला तासभर वाट बघून वैतागलेला असतो. बेरजेत हे कुठेच दिसत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. दोघांनी आपापली कमाल मर्यादा आधी लिहायची, एकमेकांची न बघता. कोणाचीही मर्यादा ओलांडणारं गाव यादीतून बाद, मग तिथलं घर कितीही मोठं असो. जी गावं उरतील त्यांच्यात बेरीज लावा.

मर्यादा किती असावी? इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की, माणूस पायी फिरत होता तेव्हापासून मोटारीच्या काळापर्यंत रोजच्या प्रवासाला येऊन-जाऊन सरासरी तासभरच देत आला आहे. वाहनाचा वेग वाढला तरी तो वेळ वाचवत नाही, आणखी लांब राहायला जातो. मोठ्या शहरांत तासाभरात भागत नाही, हे मान्य. पण तुमचा येऊन-जाऊनचा आकडा त्याच्या दुपटीपलीकडे जात असेल तर कागद एक रात्र तसाच ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. सवय होईल या भरवशावर तर मुळीच राहू नका. अलॉइस स्टुत्झर आणि ब्रूनो फ्राय या स्वित्झर्लंडमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या पाहणीचे आकडे तपासले, तेव्हा लांबचा प्रवास करणारे लोक आपल्या आयुष्यावर कमी समाधानी आढळले. मोठं घर किंवा जास्त पगार यांनी ती तूट भरून निघत नव्हती.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे "दोघांच्या मधलं गाव". मध्यावरच्या गावातून कुठलीच थेट गाडी नसेल, तर दोघांनाही गाडी बदलावी लागते आणि दोघांचेही हाल होतात. एकाच्या ऑफिसच्या थोडं जवळ असलेलं, पण दोन्हीकडे थेट गाडी असलेलं गाव पुष्कळदा परवडतं.

३. वेळ दारापासून खुर्चीपर्यंत मोजा

जाहिरातीतली मिनिटं कोणाच्या पावलांनी मोजली आहेत ते विचारा. जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत स्टेशनचं पायी अंतर लिहायला ८० मीटरला १ मिनिट हा दर ठरवून दिलेला आहे. सिग्नलला थांबण्याचा वेळ त्यात धरत नाहीत. जिथे असा काही नियमच नाही, तिथली "पाच मिनिटं" कुठून आली ते जाहिरात लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ८० मीटरचा दर स्वतः लावून बघा, आणि त्यात जिने, चढ, सिग्नल मिळवा.

मग वाट बघण्याचा वेळ. दर १० मिनिटांनी गाडी असेल तर वेळापत्रक न बघता निघता येतं आणि सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. दर ३० मिनिटांनी असेल तर पूर्ण सकाळ त्या एका गाडीभोवती फिरते, आणि ती चुकली की अर्धा तास गेला. गाड्यांची संख्या सकाळची वेगळी आणि रात्री नऊनंतरची वेगळी असते. पहिल्या पायरीत उशीर झालेले दिवस लिहिले आहेत ना? त्या दिवशी शेवटची गाडी मिळाली असती का, ते तपासा. आमचं एक आवडतं गाव याच एका प्रश्नावर गळालं.

स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर अ‍ॅपमध्ये "आत्ता निघालो तर" हे बघू नका. कामाच्या दिवशी, पोहोचायची वेळ टाकून बघा. असं दहा दिवस करा आणि रोजचा आकडा लिहा. सरासरीपेक्षा त्यातला दुसऱ्या क्रमांकाचा वाईट आकडा महत्त्वाचा, कारण नऊच्या मीटिंगला वेळेवर पोहोचायचं तर तोच धरून निघावं लागतं. गाडी लावायला जागा शोधणं आणि तिथून खुर्चीपर्यंत चालणं, हेही त्यात मिळवा.

फरक किरकोळ वाटत असेल तर हा गुणाकार करा. जाताना २० मिनिटं जास्त, येताना २० मिनिटं जास्त, वर्षाला २२० दिवस. होतात जवळजवळ १४७ तास. आठ तासांचा दिवस धरला तर कामाचे अठरा दिवस.

या सगळ्यापेक्षा उपयोगी पडलेली गोष्ट वेगळीच होती. अंतिम यादीतल्या दोन गावांत आम्ही कामाच्या दिवसांत तीन-तीन रात्री खोली घेऊन राहिलो आणि तिथूनच ऑफिसला गेलो. मंगळवार, बुधवार, गुरुवार. खर्च झाला, बॅगा ओढाव्या लागल्या, ऑफिसात लोकांनी विचित्र नजरेने पाहिलं. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण कसल्या चेहऱ्याने घरी येतो, हे कुठल्याही अ‍ॅपला सांगता येत नाही.

४. घराची किंमत आणि प्रवासाची किंमत एकत्र मांडा

लांबचं घर स्वस्त असतं, कारण उरलेली किंमत तुम्ही रस्त्यावर चुकती करता. अमेरिकेतल्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने यासाठी सोपा हिशोब घालून दिला आहे: घराचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत, प्रवासाचा १५ टक्क्यांपर्यंत, मिळून ४५ टक्क्यांच्या आत. प्रत्येक गावासमोर दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहा.

प्रवासाच्या रकान्यात सगळ्यात मोठी उडी दुसऱ्या गाडीमुळे बसते. हप्ता, विमा, इंधन, दुरुस्ती, पार्किंग आणि दरवर्षी उतरणारी किंमत, असं सगळं धरा. एका गाडीवर भागणारं थोडं महाग गाव आणि दोन गाड्या लागणारं स्वस्त गाव यांची तुलना केलीत तर निकाल बऱ्याचदा उलटतो. स्थानिक कर आणि देखभालीचा खर्चही आधीच विचारून घ्या.

५. नोकरी बदलली तर?

घर दहा वर्षं राहतं, दोन्ही नोकऱ्या तेवढी वर्षं राहतील याची हमी कोणी देत नाही. अमेरिकेतल्या १९४० ते १९९० या काळातल्या जनगणनांचे आकडे तपासून डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान या अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवलं की, दोघंही पदवीधर असलेली जोडपी दिवसेंदिवस मोठ्या महानगरांत एकवटत गेली. याचं मोठं कारण त्यांच्या मते हे होतं की, एकाच ठिकाणी दोघांच्या लायकीच्या दोन नोकऱ्या लहान गावात जुळत नाहीत.

उपनगर निवडताना ही चाचणी घ्या. दोघांनी आपापल्या क्षेत्रातल्या, आज खरोखर निघालेल्या पाच-पाच जागा शोधायच्या आणि त्या गावातून तिथवरचा वेळ मोजायचा. पाचपैकी तीन तरी मर्यादेत बसायला हव्यात. एकाच्या पाच आणि दुसऱ्याची एकही नाही, असं निघालं तर ते गाव एकाचं करिअर धरून ठेवतं आणि दुसऱ्याचं सोडतं. हे दोघांना मान्य असूही शकतं. फक्त ते आज ठरवून मान्य केलेलं असावं.

६. रविवारी जाऊ नका

निदान पहिल्यांदा तरी नको. कामाच्या दिवशी सकाळी सातला जा आणि स्टेशनकडे जाणारी माणसं बघा. रात्री साडेनऊला जा, स्टेशनपासून घरापर्यंत चालत या, आणि दोघांनी एकेकट्याने चाला. दिवे कुठे आहेत, रस्ता कुठे सामसूम होतो, फूटपाथ मध्येच कुठे संपतो, हे सोबत गप्पा मारत चालताना लक्षात येत नाही. जोराच्या पावसानंतर एकदा जा. शनिवारी संध्याकाळीही जा. काही उपनगरं म्हणजे निव्वळ झोपायच्या जागा असतात, आणि आठवड्यातले पाच दिवस थकून झोपणाऱ्यांना ते सहाव्या दिवशी कळतं.

नगररचनेचे इंग्रज विचारवंत एबनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये उद्याननगरीची कल्पना मांडली, तेव्हा त्यात घरं, झाडी आणि रोजगार एकत्र होते. नंतरच्या जाहिरातींनी त्यातलं नाव आणि झाडी तेवढी उचलली.

७. हवा, आवाज, पाणी

हे तीनही मोजता येतात, म्हणून "छान वाटतं" यावर थांबू नका.

हवेसाठी जवळच्या मोजणी केंद्राचे वर्षभराचे पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे, आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक सरासरीची शिफारस घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. जगातली फारच थोडी शहरं त्यात बसतात. तेव्हा पास-नापास करण्यासाठी हा आकडा वापरू नका, दोन गावांची तुलना करायला वापरा.

आवाजासाठी संध्याकाळी आणि रात्री, खिडकी उघडी ठेवून फोनवर दहा मिनिटं मोजा. फोनचा आकडा अचूक नसतो, पण एकाच फोनने दोन घरं मोजली तर फरक बरोबर कळतो. त्याच संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीच्या आवाजासाठी रात्रीची शिफारस ४५ डेसिबलची केली आहे.

पाण्याबाबत एक शब्दप्रयोग हमखास फसवतो: "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर". ऐकणाऱ्याला वाटतं, गेल्या वर्षी आला म्हणजे आता नातवंडांच्या वेळी. त्याचा अर्थ असा की, असा पूर येण्याची शक्यता दर वर्षी १ टक्का. ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता जवळजवळ २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. पूररेषेचा नकाशा बघा आणि तळमजल्यावर राहणाऱ्या जुन्या रहिवाशाला विचारा, पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

८. गुण वेगवेगळ्या पेनाने द्या

एकत्र बसून गुण दिले की ज्याचा आवाज मोठा त्याचं गाव जिंकतं. आपापल्या खोलीत, आपापल्या पेनाने, प्रत्येक गावाला प्रत्येक निकषावर दहापैकी गुण द्या आणि मगच कागद बदला. प्रत्येकाला एक नकाराधिकार ठेवा, कारण न विचारता. जिथे दोघांच्या गुणांत चारपेक्षा जास्त फरक आहे त्या ओळींवरच बोला, बाकीच्यांवर वेळ घालवू नका. आम्ही शेवटी निवडलेलं गाव दोघांच्याही यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं.

९. विकत घ्यायच्या आधी भाड्याने राहा

निदान एक वर्ष. चारही ऋतू, दोन्ही ऑफिसांचे धावपळीचे महिने आणि एक मोठं आजारपण यांतलं जेवढं त्यात येईल तेवढं बरं. दोनदा सामान हलवण्याचा खर्च चुकीचं घर विकण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

कागदपत्रं दोघांचीही तयार ठेवा. आपली फाईल पूर्ण नसल्यामुळे चांगलं घर हातचं गेलेलं मी पाहिलं आहे.

- ओळखपत्र आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा
- मागच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- नोकरीत असल्याचं कंपनीचं पत्र
- आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र, मिळालं तर
- अनामत रकमेची तजवीज, आणि ती परत कधी व काय कापून मिळणार हे करारात लिहिलेलं आहे ना, याची खात्री

भाडेकरार दोघांच्या नावाने करा. पहिल्या घराच्या करारात फक्त नवऱ्याचं नाव होतं, आणि इंटरनेटच्या जोडणीपासून बँकेतल्या पत्त्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी मला "माझं इथे राहणं" सिद्ध करत बसावं लागलं. मुदतीआधी घर सोडायचं झालं तर किती दिवसांची पूर्वसूचना, हे कलम सही करण्याआधी मोठ्याने वाचून घ्या. घरून काम करणार असाल तर पहिल्या दिवशी सगळ्या खोल्यांत इंटरनेटचा वेग तपासा, दोघांचे व्हिडिओ कॉल एकाच वेळी लावून.

राहिली दुसरी गाडी. ती घ्यायचा निर्णय नव्या घरात गेल्यावर तीन महिने पुढे ढकला, आणि या काळात तिच्यावाचून खरंच अडलं ते दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. आमच्या कॅलेंडरवर तीन महिन्यांत सहा खुणा झाल्या. त्यातल्या दोन तर एकाच दिवसाच्या होत्या, दोघांनी न सांगता एकेक केलेल्या.